चष्म्याचा स्क्रू आणि वर्गातील फळा

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या कोणत्याही नोंदवहीत जिला रकाना नाही, अशा एका अत्यंत लहान वस्तूचा विचार आज करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे चष्म्याच्या बिजागरीतील स्क्रू. तांदळाच्या दाण्याहूनही तो लहान. जोवर तो जागच्या जागी असतो, तोवर त्याची आठवण कोणास होत नाही. पण तो गळाला की काडी निखळते, चष्मा दप्तराच्या तळाशी जातो, आणि ज्या मुलाला तो मिळाला होता ते मूल पुनः धूसर फळ्यासमोर बसू लागते. ते तक्रार करीत नाही. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, प्रश्न विचारला की खाली पाहते, आणि काही महिन्यांत 'अभ्यासात मागे' या सदरात त्याचे नाव पडते. दोष असतो स्क्रूचा. शिक्का बसतो मुलावर.

ही केवळ कल्पना नव्हे. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत २००९ साली २३१२ विद्यार्थ्यांना चष्मे देण्यात आले होते. पुढील वर्षी त्यांपैकी १०१८ विद्यार्थ्यांची पुनः तपासणी झाली, तेव्हा त्यांतील अवघे ३०० विद्यार्थी चष्मा लावलेले आढळले. म्हणजे दहांतील जेमतेम तीन. न लावण्याची जी कारणे मुलांनी सांगितली, त्यांत सोबत्यांची चेष्टा होती, विसरणे होते, हरवणे होते. आणि 'चष्मा तुटला' हेही एक मोठे कारण होते. मूल जेव्हा 'तुटला' म्हणते, तेव्हा काच फुटलेली असतेच असे नाही. पुष्कळदा काच शाबूत असते, चौकट शाबूत असते. केवळ काडी वेगळी झालेली असते.

मुलांच्या दृष्टिदोषाकडे शासनाचे लक्ष नाही, असेही नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू झाला आणि शाळांतील नेत्रतपासणी त्याचे एक अंग बनली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला; त्यान्वये आरोग्य पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. परंतु पथक येते आणि जाते. चष्मा डोळ्यांवर टिकतो की नाही, हे रोज पाहणारी व्यक्ती एकच असते, आणि ती म्हणजे वर्गशिक्षक. चष्मा मिळवून देणे हे डॉक्टरांचे काम आहे. तो टिकवणे हे पुष्कळ अंशी शिक्षकाच्या हाती आहे.

आता हा स्क्रू सैल का होतो, ते पाहू. कारण समजले म्हणजे उपाय पाठ करावा लागत नाही.

चष्म्याच्या बिजागरीत एकावर एक अशी बहुधा तीन बारीक कडी असतात. वरचे आणि खालचे कडे एका भागाचे, व मधले कडे दुसऱ्या भागाचे. स्क्रू वरून शिरतो, मधल्या कड्यातून पार होतो आणि खालच्या कड्यातील आट्यांत घट्ट बसतो. हा स्क्रू साधारणपणे १.४ मि.मी. जाडीचा असतो. त्या जाडीच्या प्रमाणित स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला म्हणजे तो अवघा ०.३ मि.मी. पुढे किंवा मागे सरकतो. खालच्या कड्याची जाडी ती किती! थोडे फेरे उलटे झाले की स्क्रू मोकळा.

काडी उघडताना आणि मिटताना मधले कडे स्क्रूच्या दांड्यावर घासते व त्याला आपल्याबरोबर थोडे फिरवू पाहते. उघडताना एका दिशेने, मिटताना दुसऱ्या दिशेने. मग दोन्ही ओढी एकमेकींना मारून जाऊन स्क्रू जागीच का राहत नाही? याचे उत्तर स्क्रूच्या घडणीत आहे. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. आवळणे म्हणजे चढ चढणे, आणि सैल होणे म्हणजे उतरण उतरणे. भरलेली गाडी चढावर ढकलावयास जोर अधिक लागतो, उतारावर कमी लागतो. तोच न्याय येथे आहे. सारख्याच ओढीने स्क्रू आवळला जातो त्यापेक्षा अंशभर अधिक सैल होतो, आणि तो अंश शिल्लक पडत जातो.

हे गणित मुलांकडूनही करवून घेता येईल. समजा, एक मूल दिवसातून सहा वेळा चष्मा काढते व घालते, आणि प्रत्येक वेळी स्क्रू केवळ एक अंश उलटा फिरतो. तर दिवसाला सहा अंश, आठवड्याला बेचाळीस अंश, आणि साठ दिवसांत एक पूर्ण फेरा. प्रत्यक्षात हा वेग चष्म्यागणिक निराळा असेल. आणि एकदा पकड ढिली झाली की पुढचे फेरे लवकर होतात. पण मुख्य गोष्ट अशी की, स्क्रू पडतो एका क्षणात, पण सैल होतो कित्येक दिवसांत. त्या मधल्या दिवसांत कोणी पाहिले, तर चष्मा वाचतो. आजच्या सर्व सांगण्याचे सार एवढेच आहे.

स्क्रू म्हणजे गुंडाळलेला चढ, हे वर्गात दाखविणे सोपे आहे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा, त्याच्या तिरप्या कडेला रंगीत पेन्सिलीने रेघ मारावी आणि तो कागद पेन्सिलीभोवती गुंडाळावा. ती रेघ पेन्सिलीवर आट्यांसारखी वर चढत गेलेली दिसेल. साध्या यंत्रांचा पाठ आणि चष्म्याची काळजी असे दोन्ही हेतू एकाच तासात साधतील.

आता आपल्या परिसराकडे वळू. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील माळरानांवर कारखाने वसले. पुढे ही रांग इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेली. आज महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारांत मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. आपल्या शाळांतील कित्येक मुलांचे आईवडील याच कारखान्यांत काम करतात. चष्म्याच्या स्क्रूचा जो प्रश्न आहे, तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर या कारखान्यांसमोर रोज असतो. धावणाऱ्या वाहनाचा नट किंवा बोल्ट सैल झाला तर माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून त्यांनी शोधलेल्या युक्त्या आपणांस उपयोगी पडण्यासारख्या आहेत.

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांती असे दाखविले की, बोल्टवर आडवे हेलकावे बसले, म्हणजे जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की तो विशेषकरून सैल होतो. असे सरकणे थांबवावयाचे तर बोल्ट पुरेसा आवळलेला असला पाहिजे. चष्म्याची अडचण अशी की, बिजागरीने हलावे अशीच तिची योजना आहे. तिला आवळून गप्प बसविता येत नाही. म्हणून तेथे दुसऱ्या उपायांची जोड द्यावी लागते.

कारखान्यात असे तीन उपाय दिसतात. पहिला, नायलॉनचे कडे बसविलेला नट. ते नायलॉन आट्यांना चिकटून राहते व नटाला सहज फिरू देत नाही. चष्म्याच्या काही स्क्रूंवरही असा नायलॉनचा पातळ लेप असतो. दुसरा उपाय म्हणजे आटे पकडून ठेवणारे द्रव्य. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली असे द्रव्य विक्रीस आणण्याचा उद्योग सुरू केला. ते हवेत असेपर्यंत पातळ राहते. धातूच्या दोन आट्यांमध्ये, जेथे हवा पोचत नाही, तेथे ते घट्ट होते. कारखान्यांत ते लॉकटाइट या व्यापारी नावाने सर्वपरिचित आहे. तिसरा उपाय सर्वांत साधा. बोल्ट योग्य जोराने आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढतात. बोल्ट फिरला की रेघ तुटते, आणि तपासणाऱ्यास पान्याला हात न लावता केवळ नजरेने दोष कळतो.

चष्म्यासाठी यांतील दुसरा आणि तिसरा उपाय एकत्र करता येतो, आणि त्यास लागणारे साहित्यही घरगुती आहे. त्याची रीत अशी.

प्रथम स्वच्छता. पांढरा रुमाल किंवा स्वच्छ ताट टेबलावर ठेवून त्यावरच काम करावे, म्हणजे स्क्रू पडला तरी दिसेल. मुलांच्या केसांचे तेल आणि घाम कानशिलाजवळून बिजागरीत झिरपतात. त्यात रस्त्यावरील धूळ मिसळते. तेलाने आटे निसरडे होतात आणि धूळ कडी झिजविते. म्हणून मऊ जुना टूथब्रश व साबणाचे कोमट पाणी घेऊन बिजागरी धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. बिजागरी कुरकुरते म्हणून तिच्यात तेल सोडण्याची सवय काहींना असते. ती सोडून द्यावी.

दुसरी पायरी आवळण्याची. स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा हवा. सपाट खाचेस सपाट, फुलीच्या खाचेस फुलीचा. मोठा स्क्रू-ड्रायव्हर किंवा सुरीचे टोक वापरल्यास खाच खराब होते, आणि मग चष्मेवाल्यासही तो स्क्रू काढणे कठीण जाते. चष्मा टेबलावर टेकवून, बिजागरीस खालून आधार देऊन, दोन बोटांच्या जोरानेच स्क्रू फिरवावा. किती आवळावा, याची खूण अशी: काडी उघडताना किंचित अडून सरकावी, आणि चष्मा आडवा धरला असता ती आपल्या भाराने खाली पडू नये. याहून अधिक जोर लावला तर बारीक आटे कापले जातात, आणि कापलेला आटा पुनः धरत नाही.

तिसरी पायरी पकडीची व खुणेची. रंगीत नखपॉलिशचा अगदी बारीक थेंब टाचणीच्या टोकावर घेऊन तो स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या कड्यावर येईल असा लावावा. वाळला की तो स्क्रूस धरून ठेवतो आणि रेघेचेही काम करतो. स्क्रू पुनः फिरू लागला की तो थेंब तडकतो. स्क्रू वारंवार सैल होत असेल, तर तो पूर्ण बाहेर काढून, आटे पुसून, आट्यांवर रंगहीन नखपॉलिशचा पातळ लेप द्यावा, ओला असतानाच बसवावा आणि वाळेपर्यंत काडी हलवू नये. पुढे गरज पडल्यास हा स्क्रू थोड्या जोराने निघू शकतो, हा त्याचा मोठा गुण.

येथे काही धोके ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. नखपॉलिशमधील व ते पुसण्याच्या द्रावणातील रसायनांनी प्लॅस्टिकच्या काचा व चौकटी खराब होतात. म्हणून थेंब बारीक असावा, काचेस लागू नये आणि नखपॉलिश पुसण्याचे द्रावण चष्म्याजवळ आणू नये. झटपट चिकटणारा गोंद तर मुळीच वापरू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढुरका थर बसतो, आणि तो बिजागरीत उतरला की काडी कायमची आखडते. कारखान्यात वापरले जाणारे द्रव्यही काही प्लॅस्टिकांना तडे पाडते, आणि त्याचा कडक प्रकार वापरल्यास स्क्रू पुढे निघतच नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीपासून ते दूरच ठेवावे. पालकाने ते कारखान्यातून आणून द्यावे, अशी अपेक्षा तर कोणत्याही शिक्षकाने करू नये. एका थेंबासाठी कामगारावर दोषारोप ओढवणे योग्य नव्हे.

धातूच्या चौकटीत काचेभोवतीचे कडे बंद करणारा आणखी एक स्क्रू असतो. तो सैल झाला की काच निसटते. काच खाचेत नीट बसवून, कड्याची दोन टोके बोटांनी हळूच जवळ धरून, मगच तो आवळावा. काच बसत नसेल तर जबरदस्ती करू नये. तसेच ज्या काड्यांत स्प्रिंग असते, त्यांची दुरुस्ती चष्म्याच्या दुकानावरच सोपवावी.

स्क्रू हरवलाच तर काय करावे? वर्ग झाडून कचरा एका कागदावर घ्यावा आणि उजेडात तिरप्या नजरेने पाहावे. चुंबक फिरवून पाहण्यास हरकत नाही. परंतु काही स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे असतात आणि ते चुंबकास चिकटतीलच असे नाही. स्क्रू सापडेपर्यंत बिजागरीच्या भोकांतून नायलॉनचा दोरा दोन-तीन वेळा ओवून गाठ मारावी आणि टोके कापून टाकावीत. काडी नीट मिटणार नाही, पण फळा दिसेल. टाचणी, तार किंवा सेफ्टी पिन मात्र डोळ्यापासून बोटभर अंतरावर ठेवू नये. खेळताना धक्का लागला तर इजा व्हावयाची. दोरा हा तात्पुरता उपाय आहे. पालक बाजारास जातील त्या दिवशी चष्मा दुकानात पोचेल, याची आठवण शिक्षकाने द्यावी.

दुरुस्तीपेक्षा सवय मोठी. चष्मा दोन्ही हातांनी काढावा व घालावा. एका हाताने ओढला की एका बिजागरीवर पीळ पडतो आणि तीच आधी सैल होते. डोक्यावर सरकवून ठेवू नये. ठेवावयाचा तर घडी करून डबीत ठेवावा, दप्तरात मोकळा नव्हे. दुचाकीवरून खडबडीत रस्त्याने शाळेत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर डबीचे महत्त्व अधिक. या गोष्टी उपदेशाने नव्हे, तर कृतीने शिकवाव्यात: सर्व वर्गाला एकदा काढून-घालून दाखवावे.

यासाठी शाळेत एक लहान पेटी असावी. तीत दोन बारीक स्क्रू-ड्रायव्हर, एक चिमटा, एक भिंग, पांढरा रुमाल, टूथब्रश, नखपॉलिश, नायलॉनचा दोरा, आणि चष्मेवाल्याकडून मिळतील तसे चार-सहा वेगवेगळे स्क्रू असावेत. पेटी शिक्षकाच्या ताब्यात राहावी. स्क्रू लहान मुलांच्या तोंडात जाण्याइतके बारीक असतात, हे विसरू नये. शनिवारच्या सकाळच्या शाळेत पाच मिनिटे राखून सर्व चष्म्यांची रेघ पाहावी. वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी रेघा पाहण्याचे काम हौसेने करील. स्क्रू-ड्रायव्हर मात्र शिक्षकाने चालवावा.

शेवटी एक नाजूक गोष्ट. चष्मा सैल झालेले मूल पुष्कळदा तो लपविते. घरी कळले तर बोलणी बसतील, ही एक भीती. आणि वर्गात 'ढापण्या' किंवा 'चार डोळ्यांचा' म्हणून चिडविणारे तयारच असतात, ही दुसरी. मोडका चष्मा ही त्याला सुटकेची संधीही वाटते. अशा वेळी 'चष्मा कुठे आहे?' असा जाब सर्वांदेखत विचारल्याने मूल अधिकच मिटते. त्याऐवजी सर्वांच्या चष्म्यांची तपासणी चालू असता त्याचाही चष्मा सहज मागून घ्यावा, दुरुस्त करावा आणि काही न बोलता परत द्यावा. ज्या वर्गात शिक्षक स्वतः रुमाल पसरून चष्म्याची काळजी घेताना दिसतो, त्या वर्गात चष्म्याची चेष्टा फार काळ टिकत नाही. मुले शिक्षकाच्या शब्दांपेक्षा त्याचे हात अधिक पाहतात.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांत एक बोल्ट सैल राहू नये म्हणून माणसे नेमलेली असतात, रेघा ओढलेल्या असतात, तपासणीचे कागद भरलेले असतात. त्याच कामगारांची मुले आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या चष्म्यातील १.४ मि.मी. जाडीच्या स्क्रूकडे आठवड्यातून एकदा पाहणारा एक माणूस त्यांनाही मिळाला पाहिजे. येत्या शनिवारी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात प्रथम एवढेच पाहावे की, हजेरीपत्रकातील किती मुलांना चष्मा मिळालेला आहे, आणि त्यांपैकी किती मुलांच्या डोळ्यांवर तो आज आहे. या दोन आकड्यांत जे अंतर आढळेल, ते भरून काढण्यापासून कामास आरंभ करावा.